मदत हवी आहे: ३८१६५४७२९ या संख्येचं ७ वर अडलंय

नमस्कार मंडळी, ठाण्यात नौपाड्याला राहतो. आठवीतल्या भाचीने ३८१६५४७२९ ही संख्या आणलीय. १ ते ९ सगळे अंक एकदाच; पहिल्या दोन अंकांच्या संख्येला २ ने, तिनाला ३ ने, असं नवापर्यंत निःशेष भाग जातो. अशी संख्या एकच आहे. ती संगणकाशिवाय शोधायचीय.

पाचवा अंक ५, हे सोपं. समस्थानी सम अंक, विषमस्थानी विषम. ४ आणि ८ च्या कसोट्यांमुळे चौथ्या-आठव्या जागी २ आणि ६ च येतात, म्हणून दुसऱ्या-सहाव्या जागी ४ आणि ८. मधल्या तीन अंकांची बेरीज ३ च्या पटीत हवी, म्हणजे ६५४ किंवा २५८. (९ ची काळजीच नाही, बेरीज ४५!) इथवर पोरीने मजेत केलं. शेवटी दहा संख्या उरतात.

आता ७. दहाही संख्यांना भाग देऊन बघणं म्हणजे निव्वळ हमाली. त्यातल्या बऱ्याचशा एका फटक्यात बाद करणारी युक्ती कुणाला माहीत आहे का? १००१ ला ७ ने भाग जातो, त्याचा इथे उपयोग होईल का? आठवीच्या मुलीला झेपेल असं सांगा, प्लीज.