मदत हवी आहे : सिकलसेलच्या रुग्णाचा पीएफटी अहवाल कसा वाचावा?

नमस्कार. मी नागपुरात जनरल प्रॅक्टिस करते. माझ्याकडे बऱ्याच काळापासून येणाऱ्या एका रुग्णाचा पीएफटी (फुप्फुसांच्या कार्यक्षमतेची चाचणी) अहवाल पुन्हा पुन्हा वाचूनही त्यावरून उपचार ठरवावेत असा विश्वास मला वाटत नाही, म्हणून छातीविकाराचा अनुभव असलेल्यांचे मार्गदर्शन मागत आहे. रुग्णाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे काही लिहिलेले नाही.

रुग्ण ३८ वर्षांच्या असून उमरेडकडच्या एका गावात राहतात. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा एसएस पॅटर्न (आई-वडील दोघांकडून दोष आलेला) आहे, हायड्रॉक्सीयुरिया हे त्यावरचे औषध चालू आहे आणि हिमोग्लोबिन एरवी ८ च्या आसपास असते. त्यांनी कधी धूम्रपान केलेले नाही, क्षयरोग झालेला नाही, मात्र लहानपणापासून चुलीपुढे बसून स्वयंपाक केला आहे. वर्षभरापासून पाण्याचा गुंड घेऊन चढ चढताना दम लागतो आणि थंडीत पहाटे खोकला येतो. छातीत घरघर मला एकदाच, तीही अगदी पुसट, ऐकू आली. एक्स-रेमध्ये हृदय किंचित मोठे दिसते, फुप्फुसांत ठळक असे काही नाही.

अहवालातील आकडे असे आहेत. एफव्हीसी (पूर्ण श्वास घेऊन जोराने बाहेर फुंकलेली एकूण हवा) १.८६ लिटर, म्हणजे यंत्राच्या हिशोबाने अपेक्षित मूल्याच्या ६४ टक्के. एफईव्ही-१ (त्यातली पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा) १.५२ लिटर, म्हणजे ६३ टक्के. दोहोंचे गुणोत्तर ०.८२. साल्बुटामॉल (श्वासनलिका रुंदावणारे औषध, म्हणजे ब्रॉन्कोडायलेटर) दिल्यानंतर एफईव्ही-१ १.७४ लिटर आणि एफव्हीसी २.०८ लिटर झाली. डीएलसीओ (फुप्फुसांतून रक्तात वायू किती सहज जातो याची चाचणी) दुसऱ्या केंद्रात केली, ती ५२ टक्के आली आणि तिथे हिमोग्लोबिन विचारलेच गेले नाही. टीएलसी (पूर्ण श्वास घेतल्यावर फुप्फुसांत मावणारी एकूण हवा) मोजलेली नाही. अहवालाखाली यंत्राने 'मध्यम रिस्ट्रिक्शन, ब्रॉन्कोडायलेटरला प्रतिसाद आहे' असा शेरा छापला आहे (रिस्ट्रिक्शन म्हणजे फुप्फुसांत हवा कमी मावणे).

माझी पहिली अडचण याच शेऱ्यापाशी आहे. एफईव्ही-१ मधील वाढ २२० मिली, म्हणजे मूळ आकड्याच्या साडेचौदा टक्के आहे. १२ टक्के आणि २०० मिली या २००५ च्या निकषाने चाचणी पॉझिटिव्ह ठरते. परंतु अमेरिकन थोरॅसिक सोसायटी आणि युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटी यांच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या मानकांनुसार वाढ अपेक्षित मूल्याच्या १० टक्क्यांहून अधिक हवी, आणि इथे अपेक्षित एफईव्ही-१ २.४२ लिटर धरलेली असल्यामुळे ती जेमतेम ९ टक्के भरते. एकाच बाईंना एका नियमाने दम्याची शक्यता लागू होते आणि दुसऱ्या नियमाने नाही. याहून मोठी शंका आलेखाची आहे. औषधापूर्वीच्या दोन सर्वोत्तम फुंकांमधील एफव्हीसी १.८६ आणि १.६४ लिटर, म्हणजे फरक पुन्हा २२० मिलीच आहे. शिवाय काल-आकारमान आलेख (वेळेनुसार किती हवा बाहेर पडली हे दाखवणारा) तीन सेकंदांच्या सुमारास तुटतो आणि तोपर्यंत तो सपाट झालेला दिसत नाही. श्वास पूर्ण बाहेर पडलाच नसेल तर एफव्हीसी खोटी कमी आणि गुणोत्तर खोटे चांगले दिसणार, आणि रिस्ट्रिक्शनच्या नावाखाली ऑब्स्ट्रक्शन (श्वासनलिकांतील अडथळा) झाकले जाणार, असे मला वाटते.

हे नुसते नावाचे प्रश्न नाहीत. दमा मानून कोणी तोंडावाटे स्टेरॉइडचा कोर्स दिला, तर सिकलसेलच्या रुग्णांत स्टेरॉइड थांबवल्यावर वेदनांचा तीव्र झटका उलटून येण्याचा धोका असतो. उलट, खरा दमा असून तो नाकारला, तर अ‍ॅक्यूट चेस्ट सिंड्रोमची (सिकलसेलमध्ये फुप्फुसांत अचानक उद्भवणाऱ्या गंभीर गुंतागुंतीची) जोखीम वाढलेली राहते. आणि दोन्ही नसून मूळ दोष फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत असेल, तर इन्हेलर देत बसण्यात मोलाचा वेळ जाईल. दम लागण्याचे सगळे खापर रक्ताच्या कमतरतेवर फोडून रुग्णाला परत पाठवणे आपल्या भागात फार होते, आणि ते या बाईंच्या बाबतीत होऊ नये असे मला मनापासून वाटते.

त्या एक दिवसाची मजुरी बुडवून, एसटीने नागपूरला येतात. म्हणून आधी स्पायरोमेट्री (वरची फुंकण्याची चाचणी) पुन्हा करावी, की थेट बॉडी प्लेथिस्मोग्राफीसाठी (बंद कक्षात बसवून टीएलसी मोजण्यासाठी) मेडिकल, मेयो किंवा एम्स या मोठ्या रुग्णालयांकडे पाठवावे? आणि ५२ टक्के डीएलसीओ कितपत गंभीर मानावी?

प्रतिसाद (छातीविकारतज्ज्ञ)

मॅडम, आलेखाकडे पाहिलेत हे फार चांगले झाले, कारण बहुतेक अहवाल फक्त शेऱ्यापुरते वाचले जातात. या स्पायरोमेट्रीवरून कोणतेही निदान करू नये. दोन फुंकांमध्ये २२० मिलीचा फरक म्हणजे याच दोन संस्थांच्या २०१९ च्या स्पायरोमेट्री मानकांतील प्रतवारीत 'डी' श्रेणी. १५० मिलीच्या आत जुळणाऱ्या किमान तीन स्वीकारार्ह फुंका असतील तर 'ए' मिळते. औषधानंतरची वाढ आणि औषधाआधीची अस्थिरता एवढी सारखी असताना त्या वाढीला प्रतिसाद म्हणता येत नाही, मग निकष जुना लावा की नवा.

यंत्रात कोणती संदर्भ समीकरणे आहेत हे केंद्राला अवश्य विचारा. युरोपीय लोकसंख्येवरून काढलेली समीकरणे भारतीय माणसाची अपेक्षित एफव्हीसी फुगवतात आणि टक्केवारी विनाकारण खाली येते. टक्केवारीपेक्षा झेड-स्कोअर (आकडा अपेक्षित सरासरीपासून किती दूर आहे याचे माप) मागा. उणे १.६४५ ही खालची मर्यादा. सिकलसेलमध्ये मणके दबून उंची कमी झालेली असू शकते, म्हणून पाठीला बाक असेल तर हातांचा पसारा मोजून त्यावरून उंची धरावी.

डीएलसीओसाठी हिमोग्लोबिनची दुरुस्ती हवीच. स्त्रियांसाठी अपेक्षित मूल्याला १.७ गुणिले हिमोग्लोबिन भागिले (९.३८ अधिक हिमोग्लोबिन) या गुणकाने गुणतात. हिमोग्लोबिन ८ असेल तर गुणक ०.७८ येतो, म्हणजे तुमचे ५२ टक्के सुमारे ६६ होतात. हा आकडा बराच सौम्य झाला, पण सामान्य झाला नाही, आणि याच कारणाने मी या रुग्णाचा इको (हृदयाची सोनोग्राफी) लांबणीवर टाकणार नाही. स्थिर अवस्थेत, वेदनांचा झटका नसताना, ट्रायकस्पिड रिगर्जिटेशनचा (हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपेतून उलट वाहणाऱ्या रक्ताचा) वेग पाहावा. तो सेकंदाला २.५ मीटर किंवा अधिक असेल तर सिकलसेलच्या रुग्णाला पुढे पाठवणे योग्य. केवळ इकोवरून पल्मनरी हायपरटेन्शन (फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतील वाढलेला दाब) पक्के होत नाही, त्यासाठी राइट हार्ट कॅथेटरायझेशन (हृदयाच्या उजव्या बाजूत नळी घालून दाब मोजणे) लागते.

क्रम म्हणाल तर आधी नीट केलेली स्पायरोमेट्री आणि त्याच फेरीत इको. एफव्हीसी तरीही कमी आणि गुणोत्तर सामान्य राहिले तरच टीएलसी, कारण कमी एफव्हीसी असलेल्या अनेकांची टीएलसी सामान्य निघते. टीएलसी शक्यतो प्लेथिस्मोग्राफीने मोजावी, कारण हवा अडकलेली असेल तर हेलियम पद्धत (हेलियम वायू श्वासात मिसळून मोजण्याची) ती कमी दाखवते. दरम्यान पीक फ्लो मीटर (फुंकेचा सर्वाधिक वेग घरी मोजण्याचे छोटे साधन) देऊन दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ नोंद ठेवायला सांगा. दिवसातील चढउतार सरासरी १० टक्क्यांहून अधिक दिसला तर दम्याच्या बाजूने तो चांगला पुरावा ठरेल, आणि त्यासाठी नागपूरची फेरीही लागणार नाही.

प्रतिसाद (पीएफटी तंत्रज्ञ)

तीन सेकंदांत फुंक थांबण्याचे कारण पुष्कळदा रुग्णाला काय करायचे हेच समजलेले नसते. बरगड्या दुखत असतील तर पूर्ण श्वास घेतलाच जात नाही, म्हणून चाचणीपूर्वी दुखते का, हे विचारा. मी आधी यंत्राशिवाय स्वतः करून दाखवतो, आणि मग 'फुंका, फुंका, अजून, अजून, थांबू नका' असे आलेख सपाट होईपर्यंत म्हणत राहतो. शेवटच्या एका सेकंदात २५ मिलीपेक्षा कमी हवा बाहेर पडली की फुंक पूर्ण झाली असे मानतात. साल्बुटामॉल चाचणीआधी चार ते सहा तास घेऊ नये, नंतर स्पेसरने (इन्हेलरला जोडायच्या नळीने) १०० मायक्रोग्रॅमचे चार पफ देऊन १५ मिनिटे थांबावे. ती १५ मिनिटे गर्दीच्या दिवशी पाळली जात नाहीत.

धागाकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. इन्हेलर तूर्त सुरू करत नाही, तोंडावाटे स्टेरॉइड देऊ नये अशी सूचना त्यांच्या कागदांवर ठळक लिहीन, आणि पीक फ्लो मीटर त्यांच्या मुलीला शिकवून देईन, ती दहावीत आहे आणि नोंद व्यवस्थित ठेवेल. इको आणि स्पायरोमेट्री एकाच दिवशी करून देणारे केंद्र नागपुरात कुणाला माहीत असेल तर कृपया इथे कळवावे. तसेच एक शंका उरते : रक्त चढवल्यानंतर लगेच डीएलसीओ केली तर दुरुस्तीसाठी त्याच दिवसाचे हिमोग्लोबिन धरणे पुरेसे आहे, की काही काळ थांबणे बरे?