माओ १९५६ मध्येच गेला असता तर?

रानवारा: जून १९५६ मध्ये वूहानला माओ यांगत्सेत पोहायला उतरला. वय ६२, नदीला ओढ मोठी. तिथेच बरंवाईट झालं असतं, तर माझ्या मते चीनमधला १९५९ ते ६१ चा दुष्काळ एवढा भयंकर झालाच नसता. त्याच सप्टेंबरात पक्षाच्या आठव्या अधिवेशनाने 'माओ विचार' हे शब्द पक्षघटनेतून गाळले. पंतप्रधान चौ एन लाय आणि अर्थकारण सांभाळणारा चेन युन उत्पादनाची अवाच्या सवा उद्दिष्टं खाली आणत होते. जानेवारी १९५८ मध्ये नान्निंगच्या बैठकीत माओने नेमकं त्यासाठीच त्यांना फैलावर घेतलं. ऑगस्टपर्यंत त्याच्या 'मोठ्या झेपे'त, म्हणजे शेती-उद्योगाचं उत्पादन एका दमात वाढवायच्या मोहिमेत, पोलादाचं लक्ष्य वर्षात दुप्पट, ५३.५ लाख टनांवरून १ कोटी ७ लाख टनांवर गेलं. तो नसता तर हा आकडा कुणी रेटला असता?

काटेकोर: माणूस गेला असता, पण यंत्रणा तिथेच राहिली असती. सक्तीची धान्यखरेदी १९५३ ची, आणि ती बसवली चेन युननेच. १९५६ अखेर जवळपास सगळी शेतकरी कुटुंबं सामूहिक शेतीत ओढली गेली होती. १९५७ ची पक्षावर टीका करणाऱ्या 'उजव्यां'विरुद्धची मोहीम माओची खरी, पण राबवली पक्षाचा सरचिटणीस डेंगने. साडेपाच लाख लोकांवर शिक्का बसला. त्यानंतर खरा आकडा वर कळवायची छाती कुणाची होणार?

मारलं त्याच खोट्या आकड्यांनी. समजा गावात १०० पोती पिकली आणि वर २०० कळवली. सरकारने चौथाच हिस्सा मागितला तरी ५० पोती गेली. उरलेल्या ५० मध्ये बियाणं, जनावरं आणि वर्षभराचं पोट. १९५८ चं धान्य प्रत्यक्षात सुमारे २० कोटी टन होतं, जाहीर केलं ३७.५ कोटी!

भट्टी: यात हातांचा हिशेबही धरा. १९५८ च्या शरदात ऐन कापणीला माणसं पोलादाच्या गावठी भट्ट्यांवर होती, पीक शेतात कुजलं. गावच्या भट्टीला धड कोक नाही, खनिज हलकं. गंधक जास्त राहिलं की लोखंड ठिसूळ होतं, ठोकायला घेतलं की तडकतं. घरातली कढई वितळवून असला गोळा हाती यायचा. वर्षअखेर १ कोटी ११ लाख टन पोलाद मिरवलं, त्यातलं कामाचं ८० लाखांच्या आसपास.

रानवारा: काटेकोर, यंत्रणेचं मान्य. पण तारखा बघा. नोव्हेंबर १९५८ पासून झेपेतून माघार सुरू झाली होती, स्वतः माओही आवर घालायला सांगत होता. मग जुलै १९५९ ला लुशानच्या पक्षबैठकीत संरक्षणमंत्री पंग तेहुआयने त्याला खाजगी पत्र दिलं. माओने ते छापून सगळ्यांना वाटलं, पंगचं मंत्रिपद गेलं, आणि माघार घेणारा प्रत्येक जण 'उजवा संधिसाधू' ठरायला लागला. त्या वर्षी पिकलेल्या १७ कोटी टन धान्यातले ६.७ कोटी टन सरकारने उचलले (काही परत खेड्यांना विकले, तरीही) आणि वर ४२ लाख टन निर्यात! बहुतेक बळी लुशाननंतरचे आहेत. संरक्षणमंत्र्याला एका पत्रावरून संपवण्याची ताकद तेव्हा दुसऱ्या कुणातच नव्हती.

काटेकोर: लुशानचा मुद्दा वजनदार आहे, मागे घ्या म्हणणार नाही. पण हनान प्रांतातल्या शिनयांगला जा. कोठारांत धान्य असताना माणसं मेली. गाव सोडून जाणाऱ्यांना रस्त्यावर अडवलं, वर तक्रार करणारी पत्रं टपालातच रोखली. हे स्थानिक पुढाऱ्यांनी केलं, आपली खुर्ची वाचवायला. आणि राष्ट्राध्यक्ष लिऊ शाओची? 'तीन हिस्से निसर्ग, सात हिस्से माणूस' हे हुनानच्या शेतकऱ्यांचं म्हणणं त्याने १९६२ च्या सात हजार कार्यकर्त्यांच्या परिषदेत मांडलं. लुशानला तो पंगच्या विरोधातच उभा होता.

रानवारा: होता. आणि १९६२ ला एवढं बोलल्यावर १९६६ ला माओने सुरू केलेल्या सांस्कृतिक क्रांतीत लिऊचं काय झालं? १९६९ मध्ये कायफंगला कैदेत, औषधपाण्याविना मेला. राष्ट्राध्यक्षाची ही गत, तर शिनयांगच्या पुढाऱ्याने कुणाला भ्यायचं हे तुम्हीच सांगा.