पहिलं पाणी ओतून कॅफीन जात नाही

'ग्रीन टीचं पहिलं पाणी अर्ध्या मिनिटात ओतून द्या, कॅफीन गेलंच समजा' असं काही जण सांगतात, ते पटलं नाही. तेवढ्या वेळात थोडंच कॅफीन उतरतं. बाकीचं कपात येतंच, वास मात्र मोरीत गेलेला. झोपेची काळजी असेल तर डिकॅफ, म्हणजे कॅफीन काढलेला चहाच घ्या (त्यातही किंचित असतंच), आणि पाकिटावर कॅफीन काढायची कार्बन डायऑक्साइडची पद्धत लिहिलीय का बघा. इथाइल अ‍ॅसिटेट या रसायनाने कॅफीन काढलेल्यावर 'नॅचरली' छापलेलं असतं, पण चव जास्त मरते.

चहाला पाणी कुठलं वापरायचं, त्याबद्दल कुणीच बोललं नाही. सोलापुरात नळाला रोज पाणी कुठलं, मग बोअरचं वापरतो. त्या जड पाण्यात ग्रीन टी काळपट होतो, वर तवंग धरतो. फिल्टरचं घ्या, उकळून 80 अंशांपर्यंत निवू द्या, 2 मिनिटं पुरे. आमच्या आईला त्यातही दूध लागतं, त्याला इलाज नाही.