प्रति: प्लेटलेट्स नेमक्या बनतात कुठून?

वर विचारलंय, एका पेशीच्या दोन होतात तशाच प्लेटलेट्स बनतात का? नाही, त्या पेशीचे तुकडे असतात. अस्थिमज्जेतल्या (हाडांच्या आतल्या मगजातल्या) मूळ पेशीपासून आधी मेगाकॅरिओसाइट नावाची मोठी पेशी घडते. गंमत अशी, की ती डीएनए दुप्पट करत जाते पण स्वतः दुभंगत नाही. गुणसूत्रांचे बहुधा १६ संच, कधी ६४सुद्धा. मग ही अगडबंब पेशी मज्जेतल्या रक्तवाहिनीत लांब शेपट्या सोडते आणि प्रवाहात त्यांचे तुकडे पडतात. अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ (पॅथॉलॉजिस्ट) जेम्स होमर राइट यांनी १९०६ मध्येच हे मांडलं होतं.

या निर्मितीचा लगाम मुख्यतः यकृतात बनणाऱ्या थ्रोम्बोपोएटिन या संप्रेरकाच्या (हार्मोनच्या) हाती. पण मेगाकॅरिओसाइट पिकायला काही दिवस जातातच. त्यामुळे 'डेंग्यूत पपईचा रस घ्या, रातोरात नव्या प्लेटलेट्स' हे व्हॉट्सॲपी दावे मला तरी पटत नाहीत.