रॅम नेमकी कोण खातंय ते दाखवणारं हलकं टूल हवंय

मंडळी,

विंडोज १० चा ८ जीबी रॅमवाला लॅपटॉप आहे. सुरू केल्यावर छान चालतो, पण दिवसभर चालू राहिला की टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ९० टक्क्यांच्या वर जाते. ब्राउझर बंद केला तरी आकडा जेमतेम हलतो. गोची अशी की यादीतल्या सगळ्या प्रोसेसची बेरीज केली तर ती वापरात दाखवलेल्या रॅमच्या निम्मीही भरत नाही. उरलेली जाते कुठे?

रॅम मोकळी करणारं मेम रिडक्ट टाकून बघितलं. टूल झकास आहे, घड्याळाशेजारी गुपचूप आकडा दाखवत बसतं. 'क्लीन' केलं की आकडा झपकन उतरतो, पण मग दुसऱ्या विंडोवर गेलं की ती उघडायला रखडते, हार्ड डिस्क कुरकुरत राहते आणि थोड्याच वेळात पुन्हा जैसे थे.

जाहिरातींनी लडबडलेले 'रॅम बूस्टर' नकोत. इन्स्टॉल न करता चालणारं काही असेल तर उत्तम. रॅम वाढवा म्हणू नका, बोर्डावरच सोल्डर केलेली आहे.

प्रतिसाद १

मेम रिडक्टचा दोष नाही, या जातीची सगळी टूल्स हेच करतात. चालू प्रोग्रॅमची पानं (मेमरीचे छोटे तुकडे) रॅममधून हुसकायची. त्यातली बरीच पेजफाइलमध्ये (रॅममध्ये न मावणारं ठेवायची डिस्कवरची फाइल) जातात आणि प्रोग्रॅमला लागली की परत आणावी लागतात. डिस्क कुरकुरते ती त्यामुळे. आणि 'कॅश्ड' दिसणाऱ्या रॅमचा धसका घेऊ नका, त्यातली स्टँडबाय रॅम गरज पडली की विंडोज लगेच देतं.

तुम्हाला रॅममॅप हवं. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्समधलं, फुकट, झिप उघडा आणि ॲडमिन म्हणून चालवा. पहिल्याच टॅबवर 'ॲक्टिव्ह' कॉलममध्ये कुठली ओळ फुगलीय ते सांगा. 'ड्रायव्हर लॉक्ड' असेल तर व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक) चालू आहे का बघा. 'नॉनपेज्ड पूल' (विंडोज आणि ड्रायव्हर वापरतात ती, कायम रॅममध्येच राहणारी मेमरी) असेल तर बहुधा कुठला तरी ड्रायव्हर गळतोय, म्हणजे घेतलेली मेमरी परत करत नाहीये.

धागाकर्ता

नॉनपेज्ड पूलच! २.६ जीबी. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबवरही तळाशी हाच आकडा आहे, बारीक अक्षरात. आता क्लीनरनं हा मोकळा होईल का?

प्रतिसाद २

अजिबात नाही. तो भाग डिस्कवर हलवताच येत नाही, नावातच आहे. रीस्टार्ट केल्यावर खाली येईल आणि पुन्हा चढेल.

पूलमॉन घ्या, हा पूल कोण खातंय ते दाखवतं. ते विंडोज ड्रायव्हर किटबरोबर येतं (टूल चिमुकलं, किट अवाढव्य, इलाज नाही). चालू केल्यावर 'पी' दाबत नुसत्या नॉनपेज्डवर या, मग 'बी' दाबून आकारानुसार लावा. सगळ्यात वर जो चार अक्षरी टॅग (मेमरी घेणाऱ्याची खूण) येईल तो सिस्टिम३२ मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरमधल्या फाइलींत फाइंडस्ट्र या मजकूर शोधणाऱ्या कमांडनं शोधा. बहुतेक वेळा नेटवर्क कार्ड किंवा अँटिव्हायरसचा ड्रायव्हर निघतो. नवी आवृत्ती टाका, नवी टाकल्यापासूनच त्रास असेल तर जुनीवर जा.

टॅग इथे टाका, बघू कोणाचा आहे.