भाडेकरूसकट घर विकायचं, तेही दलालाशिवाय?

औसारोडकर:
मी पुण्यात नोकरीला, लातूरचं घर विकायचंय. तिथं बीड जिल्ह्यातलं एक कुटुंब भाड्यानं राहतं. मुलगी बारावीला, मे महिन्यात तिची नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा. अकरा महिन्यांचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार जूनअखेर संपतो. ज्याला विचारावं तो म्हणतो, 'आधी घर खाली करा, मग दलालाकडे द्या.' मला दोन्ही पटत नाही. ४० लाखांच्या सौद्यात दोन टक्के म्हणजे ८० हजार रुपये, ते कशाचे द्यायचे? ट्यूशनच्या भागात भाडं चालू असलेलं घर गुंतवणूक करणाऱ्याला हवंच असतं. आणि परीक्षेच्या तोंडावर त्या पोरीला बिऱ्हाड हलवायला लावणं मला मान्यच नाही.

वजिराबादकर:
दादा, पोरीबद्दलची तळमळ खरी, पण गिऱ्हाईक आधी ताबा बघतं, मग कागद. नांदेडला आमच्या वडिलोपार्जित घरात जुना भाडेकरू आहे, हैदराबादच्या १९५४ च्या भाडे कायद्याच्या काळापासूनचा, करार तोंडी. माणसं येतात, चहा पितात, 'खाली कोण राहतं?' विचारतात आणि परत फोन करत नाहीत. मालक बदलला म्हणून भाडेकरू निघत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. नव्या मालकाला कोर्टात स्वतःची खरी गरज सिद्ध करावी लागते, त्यात वर्षं जातात. भाव पडतो तो इथं.

सिडकोतली:
काका, तुमचा भाडेकरू वेगळा, यांचा लायसन्सवरचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम २४ बघा: मुदत संपूनही तो राहिला तर दुप्पट दरानं भरपाई, आणि प्रकरण नेहमीच्या कोर्टाऐवजी सक्षम प्राधिकाऱ्यापुढे चालतं. करार मात्र नोंदवलेला हवा. नुसता बॉन्डवर नोटरी केलेला असेल, तर कलम ५५ प्रमाणे वादात अटींबाबत आधी भाडेकरूचं म्हणणं धरतात, आणि शिक्षेची तरतूद मालकालाच.

पण लायसन्स म्हणजे नुसती राहायची परवानगी. घर विकलं की नवा मालक त्या परवानगीला आपोआप बांधील राहत नाही. म्हणून मुलीला जूनपर्यंत राहू द्यायचं असेल तर ते कागदात लिहा. अनामत कोण परत करणार, तेही.

दलाल नको, हे मला पटतं. आमच्या संभाजीनगरात घर गुंठेवारीत, म्हणजे गुंठ्या-गुंठ्यानं पाडून विकलेल्या प्लॉटवर असेल तर नियमित झालंय का, सिडकोचं असेल तर हस्तांतरणाची परवानगी आहे का, जमीन इनामी किंवा मदतमाश (निजामकाळातलं एक इनाम) तर नाही ना, हे वकील बघतो. मालकीच्या नोंदींचा ३० वर्षांचा सर्च त्याच्याकडूनच काढा आणि फी त्याला द्या.

वजिराबादकर:
सर्च वकील काढेल, पण गिऱ्हाईक कोण आणणार? निम्मी माणसं नुसता भाव काढायला येतात. दलाल ती गाळतो. पुण्यात बसून हे कसं जमायचं?

अंबाजोगाईची आई:
मी मुलाच्या ट्यूशनसाठी लातूरला भाड्यानं राहते. आधीच्या मालकानं घर विक्रीला काढलं तेव्हा दलाल न सांगता माणसं आणायचा. रविवारची टेस्ट, पोरगं घड्याळ लावून पेपर सोडवतंय, आणि चार अनोळखी माणसं चपला घालून स्वयंपाकघरात, ओट्याचा ग्रॅनाइट ठोकून बघतायत. पोरगं पुस्तक घेऊन गच्चीवर जायचं. घर विकायला आमची हरकत नव्हती. आदल्या दिवशी फोन आला असता तर मीच सगळं दाखवलं असतं. नळ किती दिवसांआड येतो, बोअर उन्हाळ्यात टिकतो का, हे राहणाऱ्यालाच माहीत. २०१६ ला रेल्वेनं पाणी आणलेलं शहर आहे हे, गिऱ्हाईक पहिलं तेच विचारतं.

औसारोडकर:
ताई, म्हणूनच आधी त्यांच्याशी बोलणार. स्वतःच घेणार का, हेही विचारणार. घर दाखवायचं ते त्यांना सोयीच्या वेळी. साठेखत, म्हणजे पुढं विकण्याचा करार, आता नोंदवायचा, खरेदीखत आणि ताबा जुलैत.

वजिराबादकर:
तोवर थांबणारं गिऱ्हाईक भाव पाडूनच मागणार. किती सोडाल?

औसारोडकर:
दलालीचे ८० हजार वाचतात, तेवढे सोडीन. त्यावर नाही.

वजिराबादकर:
मला अजून पटत नाही. गिऱ्हाईक ८० हजारांवर थांबत नसतं. पण साठेखत करणारच असाल तर ताब्याची तारीख हुकल्यास कोणी कोणाला काय द्यायचं, हे आकड्यासकट लिहा. आमच्या ओळखीतल्या एकाचा सौदा तेवढ्यावर मोडला, आणि इसार अजून अडकलाय.