फक्त शुश्रूषा नव्हे

वर एकांनी लिहिलंय की दुसऱ्या महायुद्धात बायका सैन्यात होत्या त्या फक्त शुश्रूषेला. अजिबात पटलं नाही. सोव्हिएत हवाई दलाची ५८८वी रेजिमेंट (लष्करी तुकडी) बघा. रात्री बॉम्बफेक करणारी, १९४२ पासून आघाडीवर, वैमानिकापासून मेकॅनिकपर्यंत बायकाच. विमान लाकूड-कापडाचं, मुळात शिकाऊंसाठीचं, आणि १९४४ पर्यंत पॅराशूटही नाही! लक्ष्याजवळ इंजिन मंद करून तरंगत जायचं, बॉम्ब टाकून परतायचं, त्याच रात्री पुन्हा उडायचं.

मला त्याहून थोर वाटतात त्या जमिनीवरच्या मुली. कडाक्याच्या थंडीत, अंधारात, उघड्या बोटांनी (हातमोज्यांत बॉम्बचा फ्यूज, म्हणजे स्फोट घडवणारा भाग, बसवता येत नाही) त्या विमानाखाली बॉम्ब अडकवायच्या. 'सोव्हिएत संघाचा वीर' हा किताब रेजिमेंटमधल्या २३ जणींना मिळाला, पण त्या सगळ्या वैमानिक किंवा नॅव्हिगेटर (विमानाला दिशा दाखवणाऱ्या). जमिनीवरच्या या मुलींबद्दलही इथे लिहा.